एक मिनिट बावन्न सेकंद

भुसावळात, लोको शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत
आम्ही तिघं. बँडचं नाव गंज.
डेन्झिलच्या गिटारला चारच तारा,
उरलेल्या दोन मुंबईहून येणार होत्या.
फालकांचा हेमराज ओरडायचा, म्हणजे गायचा.
मी डबे बडवायचो. ग्रीसचे, रेल्वेचे,
कुणाला न विचारता.

जळगाव केंद्रावर त्या रात्री कुमुद बऱ्हाटे.
केळीचे भाव सांगून झाले,
पुढची टेप गुंतली,
आणि हाताशी आमची कॅसेट,
हेमराजनं महिन्यापूर्वी गेटवर देऊन ठेवलेली.

एकदाच वाजलो.
बाईंना मेमो मिळाला.
आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

मी तेव्हा यार्डात, हातात हिरवा कंदील.
म्हणून मी ते ऐकलेलंच नाही.

यावलचा एक जण सांगतो,
मोटार जळाली समजून तो विहिरीकडे पळाला.
सावद्याला ट्रक भरणारे हमाल म्हणे
त्याच ठेक्यावर घड फेकत राहिले,
पाच मिनिटं तरी.
आई म्हणाली, हेमराज काय बोंबलत होता रे भो?
कोणी मारलं का त्याले?

कॅसेटवर पुढे कुणीतरी लग्नातली सनई भरली.
डेन्झिल पर्थला गेला. हेमराजचं दुकान आहे,
पाइप आणि ठिबकचं.

रात्री मालगाडी हलते,
धक्का इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत
वाजत जातो.
मी मोजतो.
एकशे बाराला थांबतो.
गाडी थांबत नाही.