पासंग

वडील मापाडी, पेठ रोडच्या मार्केट यार्डात.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलला:
कारली, दोडकी, ढोबळी मिरची.
घरी मात्र कधी कुणाला तोलून पाहिलं नाही.

आज रविवार.
हिरावाडीतल्या आमच्या पुढच्या खोलीत
त्यांनी माझे कागद फरशीवर मांडलेत.
बीएसडब्ल्यूची पदवी, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
बँकेचं पत्र, चार घड्यांचं.
पगाराची स्लिप नाही. संस्था पगार देत नाही,
मानधन देते.
म्हणजे मान लगेच आणि धन जमेल तेव्हा.

'सांग आकडे,' ते म्हणतात. चष्मा कपाळावर.

कर्ज एक लाख बासष्ट हजार.
त्यात तीन वर्षांची फी, एक सेकंडहँड लॅपटॉप,
आणि फील्डवर्कचं बसभाडं, जे अर्जात
'शैक्षणिक साहित्य' म्हणून दाखवलं होतं.
हप्ता दोन हजार सातशे एकतीस,
पाच तारखेला, सात वर्षं.
मानधन अकरा हजार पाचशे,
कधी नऊ तारखेला, कधी एकवीसला.
मधल्या दिवसांत वडील सहकर्जदार असतात.

'आणि ती हेमांगी?' आई आतून विचारते.
हेमांगी आयटीआय करून अंबडच्या कंपनीत.
एकोणीस हजार, कँटीन फुकट.
वडील तिचं नाव काढत नाहीत.
आई काढते, कुकरच्या शिट्टीआड.

सेवेचं मला कुणी सांगू नका.
सेवा म्हटलं की आकडा खाली येतो,
हे मी पहिल्याच वर्षी शिकले,
अभ्यासक्रमात नसताना.

माझं टेबल नाशिकरोड स्टेशनवर, रात्रपाळीला.
घर सोडून आलेली पोरं शोधायची,
बसवायची, बोलतं करायचं.
परवा भुसावळकडच्या गाडीतून एक उतरला,
एकाच पायात चप्पल.
तीन नावं सांगितली, तिन्ही खोटी.
पहाटे चारला म्हणाला, वडापाव.
अर्धा खाल्ला, अर्धा खिशात ठेवला.
पंधरा रुपये माझे. व्हाउचरवर त्याला रकाना नाही.
'इतर'मध्ये टाकले तर ऑडिटवाले विचारतात,
इतर म्हणजे काय?

मग पोरानंच विचारलं, 'ताई, तुला किती देतात?'
सांगितलं.
तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
'माझ्या मामाच्या हॉटेलात
भांडीवाल्याला बारा आहेत. जेवून.'
आणि मग त्यानं खरं नाव सांगितलं, गावही.
बहुधा माझी दया येऊन.

हे सांगितलं तर वडील हसतील असं वाटलं होतं.
ते बँकेच्या पत्रामागे लिहीत होते.
एमएसडब्ल्यू: अजून दोन वर्षं, अजून सव्वा लाख.
त्यानंतर एखादं हॉस्पिटल, बावीस हजार,
जागा निघाली तर.
सवयीनं त्यांनी रकमेपुढे 'किलो' लिहिलं
आणि खोडलं नाही.

'तायडे, रिकामा तराजूसुद्धा कलतो,
कुठलाही घे.
आधी तो कल बघायचा,
हलक्या पारड्याला पासंग बांधायचा,
माल त्याच्यानंतर.'
'मग माझा कुठं कलतो?'
'ते मला काय विचारते.
काटे इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून
मलाही कुणी काही विचारत नाही.'

पंखा सुरू झाला. वीज आली होती.
कागद हलायला लागले, तसे त्यांनी
खिशातून सुटे काढून वर ठेवले.
दहाचं एक नाणं, पाचचं एक.

साडेसातला निमाणीवरून बस असते.
निघताना मी ती नाणी उचलली.
ते काही म्हणाले नाहीत.
कागद खोलीभर झाले,
आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठले,
एकेक गोळा करायला.