पिवळं दार, निळं दार

टॉर्मडने लॅपटॉपवर दोन दारं करून दिली.
निळं माझं, घरचं.
पिवळं गाडी-सेवेचं.
म्हणाला, इशबेल, एका म्यानात दोन तलवारी राहतात,
फक्त मुठींचे रंग वेगळे ठेव.

कारण तसं घडलंच होतं.
मागच्या हिवाळ्यात मी
मिसेस मॅकॉलेंच्या मोतीबिंदूची तारीख
लोकरीच्या दुकानाला कळवली,
आणि इस्पितळाला लिहिलं,
करड्या लोकरीचे चार गुंडे, शक्य तितक्या लवकर.
इस्पितळाने सभ्यपणे उत्तर दिलं:
करडी सध्या शिल्लक नाही.

तेव्हापासून शिस्त.
नऊ ते बारा पिवळं.
कुणाचं डायलिसिस, कुणाचे दात,
कुणाला नुसतंच नवऱ्याच्या थडग्यापर्यंत
आणि परत.
खाली मी लिहिते: कळावे, समन्वयक.
पिवळ्यात मला नाव नाही,
आणि खरं सांगायचं तर
ते तीन तास बरे जातात.

बारानंतर निळं.
वीजबिल, बहिणीकडचं लांबलचक हवामान,
सूट, मोठी सूट, अखेरची सूट.
आणि रूरी नावाचा एक फोल्डर.
त्यात चार पत्रं, अकरा वर्षांपूर्वीची.
चौथं माझं.
ते उघडत नाही. पाठ आहे.

नोव्हेंबरातला मंगळवार. वारा असा
की बोट सुटणार का, हे बोटीलाही ठाऊक नव्हतं.
पिवळ्यात आलं:
चौदा तारखेला उल्लापूलहून येतोय.
स्टोर्नोवेच्या धक्क्यावरून नेसपर्यंत
गाडी मिळू शकेल का?
खाली त्याचं नाव, आडनावासकट,
जसं अनोळखी माणसाला लिहितात.

मी चष्मा शोधेपर्यंत
यंत्राने त्याला उत्तर देऊनही टाकलं होतं.
शब्द माझेच, दोन वर्षांपूर्वी बसवलेले:
आपली विनंती मिळाली. कृपया कळवा,
प्रवासी किती?
पायऱ्या चढता येतात का?
सोबत कुणी आहे का?
काही विशेष गरज?

इतकं नीट
मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

आणि त्याने ओळीने उत्तरं दिली होती.
प्रवासी दोन.
मी चढतो. ती चढते, हात धरला तर.
लहान मुलाची सीट लागेल. वय तीन.
ताकाला आला होता पोरगा,
पण भांडं पाठीमागे धरलं होतं ते असं
की काठ दिसावा.

निळा पत्ता त्याच्याकडे होता.
मी तो कधीच बदलला नाही.
कंपनी बुडाली, दुसरीने विकत घेतली,
पत्ता चालू ठेवायला मी पैसे भरत राहिले.

निळं उघडलं. लिहिलं, रूरी,
आणि स्वल्पविरामानंतर ती बारीक काठी
चहा गार होईपर्यंत लुकलुकत राहिली.
पिवळ्यात मात्र एका मिनिटात झालं:
गाडीची सोय झाली आहे.
हिरवी गाडी, तिकीटखिडकीजवळ.
सीट बसवून ठेवू.
कळावे.
समन्वयक हा शब्द खोडला.
मग परत लिहिला.
मग तसंच पाठवलं.

टॉर्मडला विचारलं, डिझेल कुणाच्या खात्यात?
म्हणाला, पत्र कुठल्या दारातून आलं?
पिवळ्या.
मग प्रवासी आहे, नियम सगळ्यांना सारखा.
तरी मी टाकी माझ्या पैशांनी भरली.

सीट उसनी आणली, चार दिवस आधीच.
पट्टा कुठून कुठे जातो ते कळेना.
माहितीपत्रकातलं मूल हसत होतं.

गुरुवारी मिसेस मॅकॉले
त्या रिकाम्या सीटशेजारी बसल्या,
दुसऱ्या डोळ्यासाठी.
सव्वीस मैल एक शब्द नाही.
इस्पितळाच्या दारात उतरताना
माझ्या हाताचा आधार घेत म्हणाल्या,
करडी नको हं.
तीन वर्षांच्या पोरीला लाल.