गच्चीवरची खोली

अधिवेशनामुळे हॉटेलं भरलेली,
म्हणून ती दोघं आमच्याकडे आली. एका रात्रीसाठी.
फिनलंडची, सत्तरीला टेकलेली. आयनो आणि तापिओ.
निघाली होती वाघ बघायला,
पण जंगलाच्या गेटचं बुकिंग मिळालं थेट पुढच्या मंगळवारचं.
मी म्हटलं, आठवडाभर नागपुरात
करणार काय बाप्पा तुम्ही?
त्यांना समजलं नाही, हे बरंच झालं.

डिसेंबर. मी मफलर, त्यावर कानटोपी,
आणि हा माणूस हाफपँटीत गच्चीवर,
ऊन खात बसलेला,
जसं काही कोणी फुकटात वाटून राहिलं.

पहिल्या सकाळी पोह्यांवरच्या तर्रीनं
त्याचे कान लाल झाले.
दुसऱ्या सकाळी ठेलेवाल्यानं
त्याला पाहून पळी आखडती घेतली,
तर ह्यानं बोटांनी खूण केली: अजून. थोडी अजून.

फारसं काही बघायची नाहीत ती.
मेट्रोत बसून खापरीपर्यंत जायची
आणि तशीच परत यायची.
गोकुळपेठेच्या बाजारात
मेथीच्या एकाच ढिगापाशी पाऊण तास.
संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर
दोघांत मिळून एक कणीस,
दाणे जणू हिशेबाचे.
मला हे कसं ठाऊक?
बिजली बोर्डातून रिटायर झालेल्या माणसाकडे
स्कूटर असते, आणि वेळ.

कुंदा तिच्याशी आपल्याच भाषेत बोलायची,
'काहून वं, धड जेवली नाहीस?'
ती तिच्या भाषेत उत्तर द्यायची, लांबलचक.
ओट्याशी उभ्या राहून दोघी सांभारवड्या वळत होत्या,
मधूनच एकदम हसत.
काय म्हणत होती, मी नंतर विचारलं.
'तीन पोरी आहेत तिला. मधली रुसलेली.'
तुला कसं कळलं?
'कळते,' कुंदा म्हणाली, 'ऐकलं तर.'

मी पेपर उलटला. तीच पानं, पुन्हा.

शुक्रवारी भांडली.
वरून दार आपटल्याचा आवाज, मग काहीच नाही.
तो जिन्यात येऊन बसला, आमच्या चपलांशेजारी.
मी दिवा लावावा की न लावावा, ह्या विचारात.
थोड्या वेळानं ती आली, एक पायरी सोडून वर बसली,
आणि संत्रं सोलायला लागली.
पहिली साल त्याच्या टकलावर पडली.
दुसरी पण. तिसरी त्यानं हात वर करून झेलली,
मागे न बघता.
जिना दोन दिवस संत्र्याचा वास सांगत होता.

मंगळवारी पहाटे टॅक्सी आली.
कुंदानं बर्फीचा डबा दिला, वर दहा संत्री,
वर स्वेटर घालायची ताकीद.
दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप:
वाघ दिसला नाही. खूप छान.

चादरी काढायला मी वर गेलो.
मागून कुंदा आली, बादली घेऊन.
ही खोली आम्ही मिलिंदसाठी बांधली.
तो बंगळूरला गेला, त्याला अकरा वर्षं झाली,
आणि इथे आम्ही कधी
पाठ टेकली नव्हती.
खिडकीतून आपलीच गल्ली दिसत होती, पण तिरपी,
मेश्रामांच्या टाकीवर बगळा,
दूर मालगाडी, डबे मोजता येतील इतकी हळू.
'अहो,' ती पलंगावर बसत म्हणाली,
'एक रात्र राहायचं का इथं?'
भाडं पडेल, मी म्हटलं.
'देईन ना.'

मग मी खाली उतरलो.
गॅसची टाकी बंद केली, मागचं दार लावलं,
नळ पाहिले, दोन उशा काखेत मारल्या,
आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं,
गावाला जाताना घालतो तसं,
दोनदा ओढून बघत.

दूधवाल्याला कळवायचं तेवढं राहिलं.