टोप्या घातलेली अक्षरं

शनिवार होता. भद्रा मारुतीला आलेल्या गाड्यांनी
खुलताबादचा रस्ता गच्च,
आणि म्हैसमाळवरून उतरलेला वारा
दुकानाचं शटर दातांसारखं वाजवत होता.

ती आली ती गळ्यावर बोट ठेवूनच.
लान. व्हिएतनामची.
सकाळी वेरूळला दहा नंबरच्या लेणीत
सगळे एकेक शब्द सोडून घुमवून बघत होते,
हिच्या तोंडून नुसती हवा निघाली.

बोलत होती ती फोनमधली बाई, हिच्या वतीनं:
"माझ्या मानेत चूल पेटली आहे."
चुकीचंच मराठी,
पण मला एवढं नेमकं दुखणं
महिनाभरात कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं पंजा दाखवला. पाच ॲन्टिबायोटिक.
हा पंजा मी रोज बघते.
कुणी खुलताबादचा, कुणी कसाबखेड्याचा,
सगळ्यांना बसच्या आधी बरं व्हायचं असतं.
चिठ्ठीशिवाय नाही, म्हटलं,
आणि ह्या सर्दीला तिचा उपयोगही नाही.
फोनमधल्या बाईनं ते कसं सांगितलं कोण जाणे,
लान जरा दुखावली.

"आधीचं काय घेतेस, काढ बरं."
पर्समधून एक खोकं निघालं. अक्षरं इंग्रजीच,
पण कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणावर दोन टोप्या,
कुणाच्या पायाशी ठिपका, चप्पल सुटल्यासारखा.
बोट फिरवत गेले, फिरवत गेले,
आणि कोपऱ्यात, बारीक, बिनटोपीचा
ओळखीचा माणूस उभा: पॅरासिटामॉल.

आणि औरंगाबादेत कुणीतरी दिलेली
सर्दीची पट्टी, तिच्यातही तोच लपलेला.
दोन्ही घेत होती, कालपासून.
"ही घेतलीस तर ती नाही."
पट्टी मी बाजूला सरकवली.
तिच्यात नाक मोकळं करणारंही होतं काही,
आणि हिची रोजची गोळी बीपीची.

माझा हात तेव्हा जरा थांबला.
प्रसेनजित दोहाला निघाला तेव्हा
खोकल्याची बाटली मीच कोंबली होती त्याच्या बॅगेत.
मी, बी. फार्म.
चिठ्ठी नाही, त्यांच्याकडे काय चालतं ते विचारलं नाही.
चार तास बसवून ठेवलं त्याला,
बाटलीकडे बघत, खोकत.
घरी तो हे हसून सांगतो.
मला अजून हसता येत नाही.

म्हणून हिला सगळं लिहून दिलं.
मूळ खोकं टाकू नकोस.
एक गोळी, मग सहा तास काही नाही.
जीपमध्ये मास्क, लोकांसाठी.
ताप तीन दिवसांवर गेला, दम लागला,
थुंकी गिळता येईना झाली,
तर गुहा राहू दे, दवाखाना गाठ.

मुख्तारभाईंच्या टपरीवरून
उकळलेलं पाणी आणलं, निवू दिलं,
अर्धा चमचा मीठ.
गुळणी म्हणजे काय, हे फोनमधल्या बाईला येईना.
मग मीच मान मागे टाकली.
तिनंही टाकली.
नालीशी उभ्या आम्ही दोघी,
आभाळाकडे तोंड करून, गर्रर्र, गर्रर्र,
नारळाची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबून बघतेय.
लेणीत निघाला नाही तो आवाज
असा निघाला.

जाताना तिनं खोकं पुढं केलं:
तुमच्या अक्षरांत लिहा.
मी लिहिलं. पॅरासिटामॉल.
वरच्या रेघेवरून तिनं नख फिरवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि फोनमधली बाई म्हणाली,
"तुमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच टोपी."

हो, म्हटलं.
मागं सहा गिऱ्हाइकं खोळंबली होती,
त्यातल्या एकानं पंजा वर केलेला.