उचल

राजेशमने मालकाकडून बावीस हजारांची उचल घेतली
आणि संक्रांतीच्या आधी भिवंडीला पळाला.
जामिनाच्या जागी अण्णांची सही होती,
मिशनच्या शाळेत घोटलेली, वळणदार:
शांतवन बाबूराव खरात.

मग सात वर्षं, दर शनिवारी,
कारखान्याच्या खिडकीतून अर्धाच पगार बाहेर आला.
मी नववीतून उठले
आणि टॉवेलांच्या कडा शिवायला बसले.
सुई बोटात गेली की माणसं देवाचं नाव घेतात,
मी राजेशमचं घ्यायचे.

रविवारी सगळं देऊळ एका सुरात
ऋण सोडण्याविषयी बोलायचं.
त्या ओळीला मी तोंड मिटून घ्यायचे.
पाळकसाहेब सांगत, ऋण म्हणजे इथे पाप.
मला वाटे, नाही,
ऋण म्हणजे ऋणच,
वहीत निळ्या शाईने लिहिलेलं.

तो आला मे महिन्यात, रात्री साडेनऊला.
नळाला पाणी येऊन चार दिवस झालेले,
पिंपात जेमतेम एक बादली.
उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने
वाटेत पाठ केलेलं काहीतरी सुरू केलं,
अर्धं तेलुगू, अर्धं मराठी.
अण्णांनी ते पुरं होऊ दिलं नाही.
म्हणाले, "आधी आंघोळ कर."

मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला.
मी तांबे मोजले.
अकरा.

कडक भाकरी, शेंगाची चटणी,
वर तेल, इतकं की ताटाच्या काठाला गेलं.
मग अण्णांनी पेटी उघडली,
माझ्या लग्नासाठी ठेवलेली मोरांची चादर काढली,
घडीसुद्धा न मोडलेली,
आणि त्याच्या खांद्यांवर घातली.
मे महिन्यात. सोलापुरात. चादर!

मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.
थोड्या वेळाने अण्णा आले, शेजारी टेकले.
पलीकडच्या शेडमध्ये रातपाळीचे माग खडखडत होते.
"मी कुठे पळाले नाही," मी म्हटलं.
"नाही पळालीस."
"मला कधी काढलीत ती चादर?"
बराच वेळ नुसते माग.
"सलोमी, तुझी वही मी कधी ठेवली का गं?"
मग उठता उठता,
"आत ये. डास चावतील."

शास्त्रातली ती दोन मुलांची गोष्ट
थोरला अंगणात असतानाच संपते.
तो आत गेला का, जेवला का,
धाकट्याशी पुन्हा बोलला का,
कुणीच लिहून ठेवलेलं नाही.
लहानपणी मला वाटायचं, पान फाटलं असेल.

मी आत गेले ते तहान लागली म्हणून.
एवढंच खरं.
राजेशम भिंतीकडे तोंड करून झोपला होता,
पाय भेगाळलेले, अंगावर कुणाचा तरी जुना सदरा.
उकाड्याने चादर लाथाडलेली,
मोर फरशीवर पडलेले.
पेटी अजून उघडीच होती.

मी चादर उचलली
आणि ती दोन्ही हातांवर घेऊन
किती वेळ उभी राहिले,
देव जाणे.