रंगाखालची मोजणी

तारांतोत दोन समुद्र आहेत, थोरला आणि धाकटा.
मधे पूल, बोटी आल्या की दुभंगून वाट देणारा.
थोरल्यात आरमार. धाकट्यात आमची शिनाणी,
दोरांना लटकलेली, काळी, मुकाट वाढणारी,
आणि मागे पोलादाचा कारखाना,
ज्याची तांबडी धूळ वाळत घातलेल्या चादरींवर
न विचारता बसते.

ओर्नेल्ला बारीहून आली, फेब्रुवारीत,
पाणबुड्याचा पोशाख आणि तक्त्यांचा गठ्ठा घेऊन.
समुद्रघोडे मोजायचेत, म्हणाली,
पण हे पाणी तुम्ही ओळखता, मी नाही.
जाळी ठेवायच्या खोलीत आम्ही मोजके जण:
दोन शाळकरी पोरं, पाववाला जेरार्दो,
आरमारातून निवृत्त झालेला एक कारकून
ज्याला पोहता येत नव्हतं,
आणि दाराशी, आत न येता, माझा बाप, एजिदियो.

बाप म्हणाला, मागे मोजायला आले
तेही असेच गोड बोलत होते.
शिनाण्यांत विष निघालं, कागदावर शिक्का बसला,
वर्षाचं पीक ट्रकांत भरून जाळायला नेलं.
विष ज्याचं, त्याची चिमणी अजून धुरावतेय.
मोजणारे मोजून जातात, बाई.
भरणारे आम्ही.

ओर्नेल्लाने उत्तर दिलं नाही.
ते मला आवडलं.
पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही.
कारकून धक्क्यावर बसून वेळ टिपायचा,
पोरं बादलीच्या तळाला काच बसवून पाण्यात डोकावायची,
जेरार्दो उरलासुरला पाव आणायचा
आणि दर वेळी विचारायचा:
यातले आपल्या गल्लीतले किती?

एप्रिलात बापाने आपणहून दोर वर ओढला.
शिनाण्यांच्या दाटीत शेपूट गुंडाळून एक घोडा,
करंगळीएवढा, पोट टम्म.
नर आहे, ओर्नेल्ला म्हणाली, पिल्लं तोच वागवतो.
ठाऊक आहे, बाप म्हणाला.
आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं होतं,
पण हे तो बोलला नाही. मीही नाही.
ओंजळीतून त्याने घोडा परत सोडला,
सवयीने खिशातली सुरी काढली,
होडीच्या काठाकडे पाहिलं, आणि थांबला.

इथे खाचा होत्या, म्हणाला.
घोडा सापडला की एक. लग्नाच्या आधीपासून.
झऱ्याजवळ सापडला तर नाळेकडे,
पुलाकडचा असेल तर मागे.
हिने रंग दिला.

हो, मीच दिला. निळा, दोन हात,
त्याच्या वाढदिवसाला, त्याला न सांगता.
लाकूड घासलं, लांबी भरली.
मला वाटलं होतं, झीज आहे.

मग कुणाला सुचलं नाही ते त्या कारकुनाने केलं.
बूट काढले, होडीत पाय ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा,
डोळे मिटले (भीतीनेच असतील)
आणि काठावरून बोटं फिरवू लागला.
लांबी पुरली नव्हती तिथे रंग किंचित खोल होता.
एक, म्हणाला. दोन. इथे दाट आहेत. इथे काहीच लागत नाही.
मीही दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.
दुपार उतरेपर्यंत एकशे बेचाळीस.
त्यातले नव्वद नाळेकडे,
जिथे समुद्राच्या पोटातून गोडं पाणी वर येतं
आणि जी जागा बापाने महिनाभर कुणाला सांगितली नव्हती.

तक्त्यात एक रकाना होता: पद्धत.
ओर्नेल्लाने विचारलं, इथे काय लिहू?
बोटांनी, असं लिही, बाप म्हणाला.
आणि खाली लिही, काही लांबीखाली गेले.
माझ्याकडे न बघता म्हणाला.

मग सुरी माझ्या हातात दिली. आजचा राहिला.
मी कोरलं. आतलं लाकूड पांढरं निघालं.
रंगाचा निळा कपचा पाण्यात पडला, तरंगत चालला,
मी वाकून तो वेचून घेतला.
जेरार्दो म्हणाला, हा तरी आपल्या गल्लीतला ना?