तिसऱ्या रांगेतली बाई

नोव्हेंबरात आमच्या पानेवेझीसला
चार वाजताच दिवस आटपतो.
म्हणून मुद्दाम चारलाच गेले वायदोतासच्या दुकानात;
भर उजेडात काय, कुठलंही भिंग शहाणंच वाटतं.

त्यानं काउंटरवर फडकं पसरलं,
दोघांना शेजारी शेजारी निजवलं:
एक शंभर-चारशे, हलकं, लांब हाताचं, खिशाला झेपणारं,
आणि एक सत्तर-दोनशे,
दीड किलो, तोंड विहिरीएवढं,
कडेला कुणाच्या तरी हातून पडल्याचा ओरखडा,
किंमत माझे दीड पगार.

"लांबचं हवं की लवकरचं?"
मी म्हटलं, दोन्ही. शिवाय वजनाला कमी. शिवाय हप्त्यानं.
तो हसला. त्याच्या आईकडे गाई होत्या.
"आखूडशिंगी, बहुदुधी," म्हणाला,
"तशी गाय नेहमी शेजाऱ्याच्या गोठ्यात असते."

दारात उभी राहून आधी शंभर-चारशे उचललं.
चौकातून एक मुलगा सायकलवर येत होता, मागे कोबीची पिशवी.
भिंग पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे,
चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखं
स्वतःचेच खिसे चाचपत.
सापडलं तेव्हा मुलगा वळून गेला होता.
वरातीमागून घोडं.

मग दुसरं.
मनगट कुरकुरलं. बटण अर्धं दाबलं
आणि आत काहीतरी नुसतं सरकलं,
मांजर खुर्चीवरून उतरावं तेवढा आवाज.
कबुतर. बस. बसच्या काचेला कपाळ टेकलेला माणूस.
पुन्हा कबुतर, आता उडतं,
पंखाखालचं करडं पीस न् पीस.

घ्यायचं हेच, हे घरून निघतानाच ठाऊक होतं.
तरी अर्धा तास घासाघीस केली,

कारण पिशवीत एक फोटो होता, गेल्या मार्चमधला.
शाळेचं जिम, सहापैकी चार ट्यूब चालू.
शेवटचे दोन सेकंद, आपण एका गुणानं मागे.
नऊ नंबरची उग्ने उसळली
आणि माझं जुनं भिंग गांगरलं,
तिला सोडून तिच्या मागे जाऊन बसलं.
उग्नेचं झालं धुकं. चेंडू, नारिंगी डाग.
संपादक म्हणाले, "हातातोंडाशी आलेला घास, झिविले."

पण तिसऱ्या रांगेत, सुईच्या टोकासारखी स्पष्ट,
हिरव्या कोटातली एक बाई अर्धवट उठलेली.
चेंडू अजून बोटांतच आहे.
आजूबाजूचे सगळे बसलेले,
एकाच्या हातात लसूण चोळलेला तळका पाव, तोंडाच्या वाटेवर.
हिला मात्र कळलंय.
नंतर समजलं, आई.
बारा वर्षं बटाट्याच्या वाफ्यातून चेंडू उचलून
परत फेकणारी.
तिच्याइतकी लवकर कुठली मोटर?

वायदोतासला दाखवला.
बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"फोकस चुकलाय,"
आणि वीस युरो कमी केले.

शनिवारी नव्या भिंगाचा पहिला सामना.
उग्ने उसळली, मी दाबलं.
पापण्या, घाम, चेंडूवरचे ठिपकेसुद्धा.
मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर, चार कॉलम.
मागची गर्दी कशी लोण्यासारखी वितळलीय,
सगळे म्हणाले.

वितळलीय खरी.
रात्री पडद्यावर मोठं करत गेले, आणखी मोठं.
उग्नेच्या कोपराच्या डावीकडे
एक हिरवा डाग आहे,
बाकीच्या डागांपेक्षा
थोडा उंच.